पायगाडी आणि वाघाचें रान

गेल्या दिवाळींत पुण्याहून आमचा पुतण्या राजुऱ्यास आला, तो आपली पायगाडी बरोबर घेऊनच आला. आपण शाळेंत जातांना चालवीत असूं तसली ही पायगाडी नव्हे. मनगटाएवढे जाड टायर, पुढच्या चाकाला धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, मागें दांतेरी चकत्यांची उतरंड, आणि घंटी मात्र कोठेंच नाहीं. किंमत ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एवढ्यांत दुभती म्हैस आली असती रे, आणि तिनें दूध तरी दिलें असतें!"

रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें फोनवर नकाशा काढून दाखविला. गांवाबाहेर हिरवें रान, त्यांतून केसासारख्या बारीक वाटा, मधून मधून निळे ठिपके. "काका, उद्यां पहांटे पांचला निघून या वाटेनें तळ्यापर्यंत जाऊन येतों," तो म्हणाला. घर एकदम गप्प झालें. मातोश्रींनीं एवढेंच म्हटलें, "वाघ आहे बाळा तिकडे." त्यावर तो हंसून म्हणाला, "आजी, सायकल इतकी जोरांत जाते, आणि आवाज मुळींच करीत नाहीं. वाघाला कळायच्या आंत मी पार झालेला असेन."

हें वाक्य माझ्या मनांत रात्रभर घोळत राहिलें. वेग आणि निःशब्दपणा, ज्या दोन गुणांवर मुलाची भिस्त, तेच दोन गुण रानांत घातक आहेत असें माझें मत आहे. सुटींत ज्यांच्या घरीं असले हौशी पाहुणे येतात त्या वाचकांपुढें तें आज मांडतों.

प्रथम या खेळाविषयीं थोडें. डोंगरांतून पायगाडी हाकण्याचा हा छंद अमेरिकेंत, सॅन फ्रान्सिस्कोजवळील टॅमल्पायस नांवाच्या डोंगरावर भरास आला. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांनीं तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या जाड टायरांच्या जुन्या पायगाड्या मिळविल्या आणि मातीच्या उतारांवरून बेलाशक सोडून दिल्या. १९७६ पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्या उताराचें नांवच 'रिपॅक' पडलें. कारण एका उतरणींत मागच्या चाकाच्या ब्रेकांतील सारें वंगण जळून धूर होई, व प्रत्येक खेपेस तें नव्यानें भरावें लागे. पुढें जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर प्रभृतींनीं खास या कामाच्या पायगाड्या बांधल्या, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ दाखलहि झाला. खेळ कसाचा आहे, आणि मुलींनाहि तितकाच साजतो. माझा आक्षेप खेळाला नाहीं.

परंतु याच अमेरिकेंत, माँटाना संस्थानांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, २०१६ च्या जून महिन्यांत एक वनखात्याचा अधिकारी पायगाडीवरून फिरावयास निघाला असतां वळणावर एका ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला, आणि अस्वलानें त्यास ठार केलें. चौकशी झाली तेव्हां असें अनुमान निघालें कीं, वेग ताशीं वीस-पंचवीस मैलांचा असावा, आणि अस्वल दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत एक-दोन सेकंदच मिळाले असावेत. रानाची माहिती त्या गृहस्थास कमी नव्हती. पण पायीं चालणाऱ्या मनुष्याची चाहूल जनावरास आधीं लागते, आणि बहुधा तें आपण होऊन वाट सोडतें. पायगाडी ही चाहूल खाऊन टाकते.

वाघाची गोष्ट याहून निराळी. तो दबा धरणारा, आणि पाठीमागून येणारा. सुंदरबनांत १९८० नंतरच्या दशकांत मध गोळा करणारे लोक मनुष्याच्या चेहऱ्याचे मुखवटे डोक्याच्या मागच्या बाजूस बांधून जात, तें याच कारणासाठीं. उभा मनुष्य वाघाच्या नेहमींच्या भक्ष्यासारखा दिसत नाहीं, वांकलेला दिसतो. आमच्या जिल्ह्यांत जे बळी जातात त्यांत मोहफुलें वेंचणारे, गवत कापणारे, तेंदूपानें तोडणारे कितीतरी असतात. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानांसाठीं गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या तडाख्यांत सांपडल्या. आतां या नव्या पायगाडीवरील स्वाराची बैठक पहा! पुढच्या दांड्यावर ओणवा, पाठ आडवी, मान खालीं. आणि चेन उतरली कीं हा वाटेंतच उकिडवा बसणार.

आमचें रान कांहीं रिकामें नाहीं. राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. वर्धा ओलांडून बल्लारपुरास गेलें कीं इंग्रजी अंमल लागे. पुढें १९५९ सालीं हा तालुका चांदा जिल्ह्यास जोडला गेला. या सरहद्दी मनुष्यांच्या. ताडोबा आणि तेलंगणांतील कवाल या दोन व्याघ्रप्रकल्पांमध्यें वाघांचें जाणेंयेणें चालतें तें आमच्याच बाजूनें. राजुऱ्याच्या परिसरांत एका वाघानें अनेक माणसें मारलीं, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत तो पिंजऱ्यांत सांपडला. तोंवर आमच्या अंगणाचें दार दिवेलागणीपूर्वींच लागत असे.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या पहांटे गेला नाहीं, कारण त्याच्या पायगाडीच्या कुलुपाची किल्ली मातोश्रींच्या कमरेला होती. सकाळीं दूध घालणारे गृहस्थ आले. कित्येक वर्षें हे सागाच्या रानांतून पायगाडीवर येतात. साधी काळी पायगाडी, मागें दोन कॅन. मीं त्यांस मुद्दाम चहाला बसविलें आणि विचारलें, "तुम्हांला भीति वाटत नाहीं का?" ते म्हणाले, "वाटते ना बापू. म्हणूनच मापटं कॅनच्या बाहेर बांधतो. ते वाजत राहते. मी येऊन राहिलो, हे त्याले सांगावं लागते." ऊन पडल्यावांचून ते निघत नाहींत, वळण आलें कीं घंटी वाजवितात, आणि शक्य तों सोबत धरतात. पायगाडी बिघडली तर? "एक जण बसते, एक जण उभा राहते." पुतण्या हें सारें ऐकत होता. त्याच्या पुस्तकांत हें कोठें नसावें.

आणखी एक गोष्ट मला त्याच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटली. मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन पायगाड्या देतें, गांवांतून शाळेपर्यंत येण्यासाठीं. रानाकांठच्या रस्त्यांवर या मुली थव्यानें, मोठमोठ्यानें बोलत जातांना मीं पाहिल्या आहेत. शहरच्या माणसास तो गलका वाटतो. तो गलका असतो म्हणून बरें. नकाशांत ज्या केसाएवढ्या वाटा दिसतात त्या कोणी खेळासाठीं पाडलेल्या नाहींत. सरपण, मोह, तेंदू यांच्यासाठीं माणसें गेलीं म्हणून त्या उमटल्या आहेत. आपण तेथें पाहुणे. शिवाय राखीव जंगलांत वनखात्याच्या परवानगीवांचून शिरणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे, हें सुशिक्षित मुलांना सांगावें लागतें याचें नवल वाटतें.

मग जावें कोठें? जेथें दृष्टि दूरवर पोंचते तेथें. नागभीड-सिंदेवाहीकडे घोडाझरीसारखे मोठे तलाव आहेत, आणि पूर्व विदर्भांत मालगुजारी काळचीं तळीं सहा हजारांवर आहेत. राजुऱ्याकडे ती मालगुजारी नव्हती. पण माणिकगडाच्या पायथ्याशीं, गडचांदुराजवळ, अमलनाल्याचें धरण आहे. उघडें पाणी, पलीकडे डोंगर. तेथेंहि सकाळीं आठच्या आधीं आणि दुपारीं चारच्या नंतर जाऊं नये. पाण्यावर जनावरें येतात तीं याच सुमारास. राजुरा-गडचांदूर रस्त्यावर मात्र पायगाडी चालवूं नये. कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक त्या रस्त्यावरून ज्या रीतीनें धांवतात तें पाहतां मला तेथें वाघापेक्षां त्यांचीच धास्ती अधिक वाटते.

पावसाळ्यांत ही पायगाडी इकडे आणूंच नये. काळी माती चाकांना अशी लिंपते कीं दहा पावलांत चाक फिरेनासें होतें, मग गाडीच खांद्यावर. हिवाळ्यांत बाभळीचे कांटे आणि बांबूचे कापलेले खुंट. हे खुंट तिरके व धारदार असतात, त्यांपुढें टायरच्या जाडीची कांहीं मातब्बरी नाहीं.

अखेर भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं पायगाडी आमच्या मोटारींतून गडचांदुरास गेली. बरोबर धाकटी कन्या आपली शाळेची पायगाडी घेऊन. निघण्यापूर्वीं मातोश्रींनीं गोठ्यांतील खुंटीवरची गाईची जुनी घंटा काढून पुतण्याच्या दांड्याला सुतळीनें स्वतः बांधली. ती बांधूं नये म्हणून त्यानें पुष्कळ विनवण्या केल्या. मित्रांनीं फोटो पाहिला तर काय म्हणतील, ही त्याची चिंता.

साडेअकराला दोघें परत आलीं. गुडघ्यापर्यंत धूळ, एक पंक्चर, आणि कन्येचा चेहरा उन्हानें लाल. पुतण्याची मात्र कुरकुर चालूच होती: तळ्यावर बदकें पुष्कळ होतीं, पण त्या मेल्या घंटेपायीं जवळ जाण्याआधींच सारीं उडालीं, आणि फोटो एकहि मिळाला नाहीं.