उंची पुरली, तयारी अपुरी : उत्तर अमेरिकेतील लीग आणि पंजाबचे बास्केटबॉलपटू

चंदीगड : उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक क्रीडाविश्वाच्या दारापर्यंत पंजाब आणि चंदीगडमधील अनेक तरुण पोहोचले आहेत. त्या दाराच्या आत स्थिरावलेला मात्र त्यांपैकी एकही नाही. सतनाम सिंग, पलप्रीत सिंग ब्रार, चंदीगडचा अमज्योत सिंग आणि प्रिन्सपाल सिंग या चौघांच्या निवडीच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यांच्या पुढील वाटचालीची दखल क्वचितच घेतली गेली. भारतात जन्मून इथेच घडलेला खेळाडू एनबीएच्या नियमित हंगामातील सामन्यात अद्याप उतरलेला नाही. यामागील कारणे शोधताना प्रतिभा, आहार किंवा घरची ओढ यांच्याकडे बोट दाखवले जाते. ही कारणे खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत. मूळ अडचण खेळाच्या रचनेत, करारांच्या स्वरूपात आणि आपल्या देशांतर्गत व्यवस्थेत आहे.

निवड झाली, स्थान नाही

या मालिकेतील पहिले आणि सर्वाधिक चर्चित नाव सतनाम सिंगचे. बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या खेड्यातील शेतकरी कुटुंबातला हा मुलगा लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला आणि २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात असलेल्या आयएमजी अकादमीत गेला. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूला मिळालेला हा पहिलाच बहुमान होता. त्याच्या आयुष्यावर माहितीपट निघाला, गावात सोहळा झाला. प्रत्यक्षात पुढील दोन हंगाम तो मॅव्हरिक्सच्या संलग्न ‘टेक्सास लेजंड्स’ या विकास लीगमधील संघात राहिला आणि तेथेही बराच काळ राखीव बाकावरच बसला. मुख्य संघातून खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. नंतर कॅनडातील लीगमध्ये तो एक हंगाम खेळला. २०२० मध्ये उत्तेजक द्रव्यविषयक नियमभंगाबद्दल त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे त्याने अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा रंगमंच स्वीकारला.

पलप्रीत सिंग ब्रारला २०१६ मध्ये ‘लाँग आयलंड नेट्स’ने विकास लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडले, पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच मुक्त केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमज्योत सिंगला ‘ओक्लाहोमा सिटी ब्लू’ने घेतले. तो भारतीय संघाचा आधारस्तंभ होता आणि जपानच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. तरी ब्लूकडून खेळण्याच्या पुढे, ओक्लाहोमा सिटी थंडर या मुख्य संघापर्यंत तो पोहोचू शकला नाही. गुरदासपूर जिल्ह्यातील प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या भारतातील अकादमीतून घडला. २०२० मध्ये त्याला ‘जी लीग इग्नाइट’ या विशेष संघाचा करार मिळाला आणि २०२१ मध्ये समर लीगचे विजेतेपद पटकावणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात तो होता. त्याचीही वाट मुख्य लीगच्या अलीकडेच थांबली. ज्या इग्नाइट संघाने त्याला संधी दिली, तो संघच २०२४ मध्ये बंद झाला.

खेळच बदलला

या चौघांच्या अडचणीचे पहिले कारण तांत्रिक आहे. आपल्याकडे खेळला जाणारा आंतरराष्ट्रीय नियमांचा बास्केटबॉल आणि एनबीएचा बास्केटबॉल हे दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ मिनिटांचा. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय मैदानावर ६.७५ मीटरवर, तर एनबीएत समोरून ७.२४ मीटरवर आहे. सर्वांत महत्त्वाचा फरक बचावाच्या नियमात आहे. एनबीए आणि तिच्या विकास लीगमध्ये बचाव करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष रोखत नसेल, तर बास्केटखालील रंगीत क्षेत्रात तीन सेकंदांहून अधिक काळ उभा राहू शकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बचावपटूवर असे बंधन नाही.

सात फुटांच्या खेळाडूसाठी याचा अर्थ गंभीर आहे. भारतात उंच मुलाला लहानपणापासून बास्केटखाली उभे राहून चेंडू अडवायला शिकवले जाते. सामने जिंकण्याचा तो सोपा उपाय असतो. अमेरिकेत पोहोचल्यावर त्याच मुलाला सतत बाहेर-आत धावावे लागते, आपल्यापेक्षा एक फूट ठेंगण्या आणि दुप्पट चपळ खेळाडूला मोकळ्या जागेत रोखावे लागते आणि स्वतःही दुरून अचूक फेक करावी लागते. वयाच्या विसाव्या वर्षी ही कौशल्ये नव्याने अंगी बाणवणे अवघड असते.

त्यातच काळही प्रतिकूल निघाला. सतनामची निवड होण्याच्या नऊ दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचे विजेतेपद पटकावले होते. त्या अंतिम मालिकेच्या मध्यावर त्यांनी आपल्या सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला प्रारंभीच्या पाच जणांतून वगळून आंद्रे इग्वोडाला या ठेंगण्या, चपळ खेळाडूला घेतले आणि मालिका फिरवली. पुढील काही वर्षांत साऱ्या लीगने हाच मार्ग धरला. २०१४-१५ च्या हंगामात प्रत्येक संघ एका सामन्यात तीन गुणांच्या सुमारे २२ फेकी करत असे. पाच वर्षांत हा आकडा ३४ वर गेला. केवळ उंचीची किंमत घसरत असतानाच भारताने केवळ उंची बाजारात आणली होती.

हा मुद्दा पंजाबी वंशाच्याच दुसऱ्या खेळाडूच्या उदाहरणावरून पटतो. सात फूट पाच इंच उंचीचा सिम भुल्लर टोरोंटोत जन्मला, कॅनडात वाढला आणि अमेरिकेतील विद्यापीठाकडून खेळला. भाषा, हवामान, आहार यांपैकी कशाचीच अडचण त्याला नव्हती. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून तो मैदानात उतरला आणि एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. पण तो प्रवास अवघ्या तीन सामन्यांत आटोपला. म्हणजे परकेपणा हे एकमेव कारण असते, तर भुल्लर टिकायला हवा होता.

दहा महिन्यांची बेगमी नाही

दुसरे कारण आर्थिक आहे. एनबीएत ३० संघ आणि प्रत्येकी १५ नियमित जागा, म्हणजे जगभरातून केवळ ४५० खेळाडू. तिच्या खालच्या विकास लीगमध्ये २०१८-१९ च्या हंगामात खेळाडूचे मूळ वेतन ३५ हजार डॉलर होते. त्याच काळात मुख्य लीगमधील नवख्याचे किमान वेतन आठ लाख डॉलरच्या वर होते. विकास लीगमधील करार कधीही संपुष्टात येऊ शकतो. अशा ठिकाणी प्रशिक्षकाला परदेशी खेळाडू हळूहळू घडवण्याची उसंत नसते आणि त्या खेळाडूच्या शेजारी बसलेला प्रत्येक सहकारी त्याच एका जागेसाठी झगडत असतो.

भारतीय बास्केटबॉलपटूची सुरक्षितता याउलट नोकरीत आहे. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पंजाब पोलीस यांच्या संघांनी पिढ्यान्पिढ्या या खेळाडूंना पोसले. ही व्यवस्था नसती तर देशात हा खेळ उरला नसता, हे मान्य करायला हवे. मात्र तिच्यात स्पर्धेचे दिवस फार थोडे असतात. राष्ट्रीय अजिंक्यपद, फेडरेशन चषक आणि काही निमंत्रित स्पर्धा धरल्या तरी वर्षातील मोठा काळ सरावातच जातो. एनबीएचा संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. चुका करण्याची, त्या दुरुस्त करण्याची आणि पुन्हा मैदानात उतरण्याची जी सवय तेथील वीस वर्षांच्या मुलाला लागलेली असते, ती आपल्या खेळाडूला विकत मिळत नाही.

भाषेचा अडसरही येथेच येतो. अमेरिकेत एनबीएकडे जाणारी सरळ वाट विद्यापीठातून जाते, पण तेथे शैक्षणिक पात्रतेची अट असते. चौदाव्या वर्षी जवळजवळ इंग्रजी न येता गेलेल्या सतनामला ती वाट मोकळी झाली नाही. विद्यापीठात मिळणारी दोन-तीन वर्षे म्हणजे खेळण्याचा वेळ आणि परिपक्वता. जपानचा युता वातानाबे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून, तर रुई हाचिमुरा गोन्झागा विद्यापीठातून याच वाटेने एनबीएत पोहोचला. हाचिमुराला २०१९ मध्ये नववा क्रमांक मिळाला.

पटक्याचा प्रश्न

शीख खेळाडूंपुढे आणखी एक अडथळा होता. २०१४ मध्ये चीनमधील वुहान येथे झालेल्या आशिया चषक स्पर्धेत अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग यांना सामन्यापूर्वी पटका उतरवण्यास सांगण्यात आले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत डोक्यावरील आच्छादनाला मनाई होती. त्याच स्पर्धेत भारताने यजमान चीनला ६५-५८ असे हरवले, ही बाब विशेष. जगभरातून झालेल्या निषेधानंतर महासंघाने नियम बदलला आणि ऑक्टोबर २०१७ पासून पटक्याला परवानगी मिळाली. अमज्योतची अमेरिकेतील निवड त्याच महिन्यातली. नियम बदलता येतात, पण त्यासाठी कोणीतरी संस्थात्मक पातळीवर पाठपुरावा करावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

बर्फावरील हॉकीचा दाखला

परदेशी खेळाडूंना रुळवून घेण्याचा दीर्घ अनुभव उत्तर अमेरिकेतील ज्या लीगकडे आहे, ती आईस हॉकीची एनएचएल. पंजाबी समाजाला ती अपरिचित नाही. कॅनडात तिच्या सामन्यांचे पंजाबी समालोचन २००८ पासून होते आणि पंजाबी वंशाचा रॉबिन बावा १९८९ मध्येच त्या लीगमध्ये खेळला होता. १९७३ मध्ये स्वीडनचा बोरिए साल्मिंग टोरोंटो मेपल लीफ्सकडे आला, तेव्हा युरोपीय खेळाडू भित्रे असतात असे हिणवले जाई. युरोपातील रिंगण रुंद, तर अमेरिकेतील अरुंद असल्याने तेथील खेळात धक्काबुक्की अधिक होती. साल्मिंगने सोळा हंगाम टोरोंटोत काढले आणि १९९६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला. १९८९ मध्ये एकतिसाव्या वर्षी न्यू जर्सीत आलेल्या सोव्हिएत संघाच्या विअचेस्लाव्ह फेतिसोव्हची सुरुवात खडतर झाली. पुढे डेट्रॉइटने पाच रशियन खेळाडूंना एकत्र, त्यांच्या शैलीने खेळू दिले आणि त्यानंतर १९९७ व १९९८ मध्ये विजेतेपद पटकावले.

या दोघांमागे त्यांच्या देशातील भक्कम लीग होती. ते शिकाऊ म्हणून नव्हे, तर घडलेले खेळाडू म्हणून गेले. चीनचा याओ मिंगही २००२ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला जाण्यापूर्वी शांघायकडून स्वदेशी लीग खेळून आला होता. भारतीय हॉकीचा अनुभव तर आपल्या घरचाच आहे. १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवा आला. एका वर्षात कौशल्य आटत नाही. पायाखालची जमीन बदलली होती आणि तिची तयारी कोणी केली नव्हती.

काय करता येईल

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग आणि व्हिसा सल्लागारांची कार्यालये दाटीने उभी आहेत. विद्यार्थ्याला, ट्रकचालकाला आणि परिचारिकेला परदेशी पाठवण्याचे पक्के तंत्र या शहराने विकसित केले आहे. खेळाडूसाठी मात्र असे काहीच नाही. तो एकटा जातो, एकटा झगडतो आणि परतल्यावर अपयशी ठरवला जातो.

पहिली गरज टिकाऊ देशांतर्गत लीगची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली युनायटेड बास्केटबॉल अलायन्स काही हंगामांनंतर थांबली. तिच्यात पंजाब, मुंबई आणि पुण्याचे संघ होते. २०२२ मध्ये महासंघाने आणलेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये चंदीगड आणि मुंबईलाही स्थान मिळाले. हा प्रयत्न दरवर्षी ठरलेल्या वेळी, पुरेशा सामन्यांसह आणि नियमित वेतनासह चालला तरच त्याला अर्थ आहे. दुसरी गरज प्रशिक्षणाची दिशा बदलण्याची : उंच मुलालाही चेंडू हाताळणे, दुरून फेकणे आणि मोकळ्या जागेत बचाव करणे बाराव्या वर्षापासून शिकवले पाहिजे. तिसरी, परदेशी जाणाऱ्या मुलाला खेळाइतकेच इंग्रजी आणि शालेय शिक्षण देण्याची, म्हणजे विद्यापीठाची वाट बंद होणार नाही. आणि चौथी, परतणाऱ्यासाठी जागा राखण्याची. सार्वजनिक उपक्रमांनी अशा खेळाडूला दोन-तीन वर्षांची रजा आणि परतीची हमी दिली, तर परदेशी जाणे हा सर्वस्वाचा जुगार राहणार नाही.

जपान किंवा ऑस्ट्रेलियाच्या लीगलाही कमी लेखण्याचे कारण नाही. अमृतपाल सिंग २०१७-१८ मध्ये सिडनी किंग्जकडून खेळला, तेव्हा त्याची चर्चा एनबीएच्या एखाद्या चाचणी शिबिराइतकीही झाली नाही. खेळाडू घडतो तो निवडीच्या रात्री नव्हे, तर प्रत्यक्ष खेळलेल्या मिनिटांत. या मोजपट्टीने पाहिले तर सतनाम, पलप्रीत, अमज्योत आणि प्रिन्सपाल यांनी आपल्या वाट्याचे धाडस केले. त्यांच्यामागे उभी राहायला हवी होती ती व्यवस्था मात्र अद्याप उभी राहायची आहे. ती होत नाही तोवर पुढचा उंच मुलगाही याच दारापर्यंत जाईल आणि तेथूनच परतेल.