एका बायकोचा नवरा

दोस्तहो, पाद्र्यानं लग्न करावं की सडं राहावं, याच्याशी आपल्याला काय देणंघेणं, असं आपल्यातली पुष्कळ पोरं म्हणतील. देणंघेणं आहे. नगरकडच्या, जालन्याकडच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून आपलीच माणसं चर्चच्या दारात गेली. त्यांच्या पोराबाळांवर कोण हुकूम चालवतो आणि कुठल्या लायकीवर, हा आपला प्रश्न आहे. आणि पुढारी कुणाला म्हणायचं, हा तर चळवळीचा रोजचाच प्रश्न.

बायबलात पौलाच्या नावावर तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची लायकी सांगितलीय. अध्यक्ष म्हणजे पुढं ज्याला बिशप म्हणू लागले तो. तो एका बायकोचा नवरा असावा. दारुडा नसावा, मारकुटा नसावा, पैशाला हपापलेला नसावा. घर नीट सांभाळणारा असावा, कारण ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार? तीताच्या पत्रातही जवळजवळ हेच.

यादी नीट बघा. जात विचारलेली नाही. कूळ विचारलेलं नाही. ब्रह्मचर्य तर नाहीच नाही. उलट लग्नाला मनाई करणाऱ्यांना याच पत्राचा चौथा अध्याय खोटारडे म्हणतो. रोमचे पोप ज्याच्या गादीवर बसतात त्या पेत्राला सासू होती; तिचा ताप येशूनं उतरवल्याचं मार्कानं लिहिलंय. सासू होती म्हणजे बायको होती, हे कळायला पंडित लागत नाही. पौल स्वतः सडा होता, सडं राहणं बरं असं त्याचं मत होतं. पण ते त्यानं कुणाच्या बोडक्यावर कायदा म्हणून लादलं नाही.

मग कायदा कुठून आला? एक तर विटाळातून. साधारण इ. स. 305 च्या सुमारास स्पेनमधल्या एल्व्हिराच्या धर्मसभेनं वेदीची सेवा करणाऱ्यांनी बायकोपासून लांब राहावं असा नियम केला. वेदीला लागणारा हात बाईला लागू नये! हे खूळ आपल्या ओळखीचं आहे की नाही? आणि दुसरं, मालमत्तेतून. 528 साली सम्राट जस्टिनियननं पोरंबाळं असलेला माणूस बिशप होऊ नये असा कायदा केला. भीती ही, की चर्चचा पैसा पोरांच्या घशात जाईल. 1022 साली पाव्हियाच्या धर्मसभेनं पाद्र्यांच्या पोरांना चर्चचे गुलाम ठरवलं. बापाच्या लग्नाची शिक्षा पोराला, आणि जमीन चर्चला! शेवटी 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं पाद्र्यांची लग्नंच रद्दबातल केली. त्या बायकांचं काय झालं? त्यांची बाजू लिहायला कोण बसलं होतं?

मार्टिन ल्यूथरनं 1525 साली लग्न करून हा कायदा मोडला. पण प्रॉटेस्टंटांनी त्याच ओळीतून दुसरं कुंपण काढलं. 'नवरा' म्हटलंय ना, मग बाई चालणार नाही! अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्टांनी बाईला पास्टर केलं म्हणून 2023 साली सॅडलबॅकसारखं बलाढ्य चर्च बाहेर काढलं. रोमकरांच्या पत्रात फिबी नावाच्या बाईला मंडळीची सेविका म्हटलंय, ती ओळ कुणी मोठ्यानं वाचत नाही. आपल्याकडं चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पा ललिता 2013 साली बिशप झाल्या, तेव्हा कुठं पहिली बाई त्या खुर्चीवर बसली.

ते पत्र तरी सोवळं आहे का? नाही. त्याचाच दुसरा अध्याय बाईला गप्प बसायला सांगतो. सहावा अध्याय गुलामांना धन्याचा मान राखायला सांगतो. म्हणजे अध्यक्षानं जे घर 'नीट चालवायचं' त्यात गुलामही राबत होते. तेव्हा पोथी कुठलीही असो, डोळे उघडे ठेवून वाचा.

आणि जी जात त्या यादीत नव्हती, ती इथल्या चर्चमध्ये यादीच्या वर जाऊन बसली. पहिला भारतीय कार्डिनल 1953 साली झाला. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला 2022 साल उजाडलं. एकोणसत्तर वर्षं! तिरुचिरापल्लीत तर ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा भिंत घातली. जित्या माणसाला नाही ते नाहीच, मढ्यालाही बरोबरी नाही.

आता आपल्या घरात या.

'घर बघून माणूस पारखा' ही त्या यादीतली गोष्ट मला पटते, पण उलट्या अंगानं. बायको त्याच्या हुकमात आहे का, हे बघायचं नाही. त्याच्या घरात ती माणूस म्हणून जगते का, हे बघायचं. 1927 साली महाडला मनुस्मृती जळाली, ती नवऱ्याची मालकी तशीच ठेवण्यासाठी नव्हे. जोतीरावांनी, 1891 साली छापून आलेल्या त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त, पुरुषाला सरळ विचारलंय, तू दोन-तीन बायका करतोस, तर बाईनं तसेच नवरे केले तर तुला खपेल का? एका बायकोचा नियम कायद्यात यावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि बिल रखडवलं म्हणून 1951 साली मंत्रीपदावर लाथ मारून बाहेर पडले.

आणि आपले पुढारी? मंचावर समता, घरी धपाटे. मोर्चा त्याचा, अन् तुरुंगात डबा पोचवायचा तिनं. तो 'पूर्णवेळ कार्यकर्ता' म्हणून मिरवतो, कारण धुणीभांडी करून घर ती चालवते. त्याचं दुसरं घर सगळ्या वस्तीला माहीत असतं, पण चळवळीची बदनामी नको म्हणून सगळे तोंडं शिवून बसतात. रोमच्या धर्मसभांनी पाद्र्यांच्या बायकांना पुसून टाकलं. आपण निराळं काय करतोय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी शाखेचा अध्यक्ष निवडताना त्याचं भाषण ऐकू नका. त्याच्या घरी जा. त्याच्या बायकोला विचारा, आणि तो बाहेर गेल्यावर विचारा. तिचं ऐकून झालं की आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : घर चालवणं हीच जर लायकी असेल, तर अध्यक्ष तिलाच का करू नये?

जय भीम!