एकभुक्त राहून बळ येईल काय?

दिवसभर जवळजवळ उपाशी राहून सायंकाळीं एकदांच भरपूर जेवावें, म्हणजे मेद झडतो व स्नायु पुष्ट होतात, असें मत ओरी हॉफमेक्लर यांनीं ‘द वॉरियर डाएट’ या पुस्तकांत मांडलें. २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रौढांना आठ आठवडे तीन वेळचें अन्न सायंकाळीं एकदम दिलें. मेद किंचित् घटला हें खरें. परंतु भूक वाढली, रक्तदाबहि अधिक आढळला. स्नायु वाढतात ते व्यायामानें व पुरेशा प्रथिनांनीं, नुसत्या उपवासानें नव्हे. शिवाय वाढत्या वयाचा मुलगा म्हणजे प्रौढ नव्हे. उपाशी पोटीं वर्गांत बसलेल्याचें लक्ष फळ्यावर नसून घड्याळाकडे असतें. पालकांनीं डब्यांत भाकरी-उसळ अवश्य द्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, ती खाऊनच सायंकाळीं आखाड्यांत उतरा.