दाबोळीची धावपट्टी कोणाची?

उत्तर गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दक्षिण गोव्यात एकच धास्ती आहे: आता दाबोळीचा जुना विमानतळ बंद पडणार का? वास्कोचे टॅक्सीवाले, कोळवा-बाणावलीचे हॉटेलवाले, आखातात नोकरीला असलेले सासष्टीकर, सगळे हेच विचारतात. दोन्ही विमानतळ चालतील, असे राज्य सरकार पुन्हा पुन्हा सांगते. पण दाबोळीविषयी शब्द देण्याचा अधिकार पणजीकडे आहे कितीसा? धावपट्टी नौदलाची आहे. ती नौदलाची कशी झाली, हे गोव्यातल्या तरुण मतदारांना माहीत असायला हवे.

दाबोळीचा जन्म नाकेबंदीतला. १९५० च्या दशकात भारताने पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याची कोंडी आवळली. बाहेरच्या जगाशी संबंध टिकवायला पोर्तुगिजांना आकाशाचीच वाट उरली. मुरगाव बंदराजवळच्या पठारावर त्यांनी विमानतळ बांधला, त्याला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव दिले आणि गोव्याची स्वतःची विमानसेवा उभी केली. दमण, दीव, कराची आणि पुढे थेट लिस्बनपर्यंत तिची विमाने जाऊ लागली. विमानतळ प्रवासी होता, पण तो बांधण्याचा निर्णय सालाझारच्या हुकूमशाहीचा. ज्यांच्या पठारावर तो उभा राहिला, त्यांना मोकळेपणाने मत मांडण्याची सोय त्या राजवटीत नव्हतीच.

गोवा मुक्तीच्या मोहिमेत १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंड वजनाचे बॉम्ब दाबोळीच्या धावपट्टीवर टाकले. टर्मिनल आणि नियंत्रण मनोरा त्यांनी जाणीवपूर्वक सोडला. दुसऱ्या हल्ल्यातही तिथे उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना धक्का लावला नाही. पोर्तुगिजांनी रात्री घाईघाईने खड्डे बुजवले आणि उरलेल्या तोकड्या पट्टीवरून ती दोन्ही विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीला निसटली. वैमानिकांच्या त्या संयमाचा मला आजही अभिमान वाटतो. विमानतळ उद्या आपल्याच लोकांच्या उपयोगी पडणार, हे धरूनच ते लढले असावेत.

पुढे मात्र वेगळे घडले. एप्रिल १९६२ मध्ये गोव्याचे लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी दाबोळीचा ताबा नौदलाकडे दिला. नौदलाची गरज खरी होती. विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ मध्येच ताफ्यात आली होती, तिच्या विमानांना किनाऱ्यावर तळ हवा होता. १९६४ मध्ये हंसा हा तळ तमिळनाडूतल्या सुलूरहून दाबोळीला आला. नंतर सी हॅरियर आले, मग मिग-२९के. देशाच्या संरक्षणात दाबोळीचा वाटा मोठा आहे.

मला खटकते ती तारीख. एप्रिल १९६२ मध्ये गोव्यात लष्करी गव्हर्नरचा कारभार होता. पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तोवर प्रवासी विमानतळाचा लष्करी तळ होऊन गेला होता. पोर्तुगिजांनी विचारले नाही, ते समजू शकते. पण मुक्तीनंतरही गोंयकारांना विचारले गेले नाही. नागरी विमानसेवा त्यानंतर आपल्याच विमानतळावर पाहुणी म्हणून राहिली. नौदलाच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे तास प्रवासी विमानांना बंद, जागेसाठी दर वेळी विनवणी. अर्थव्यवस्था पर्यटनावर चालणाऱ्या राज्याने हे दशकानुदशके सोसले.

आता मोपा आहे म्हणून नौदलाने दाबोळीवरचा प्रवासी वावर आणखी आवळावा, असे होता कामा नये. नागरी वाहतुकीला दिवसाचे किती तास, किती जागा आणि किती वर्षांची हमी, हे केंद्राने लेखी द्यावे. तो कागद गोवा विधानसभेच्या पटलावर यावा आणि त्यावर मुरगाव-सासष्टीच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून बोलावे. सरावाचे तास कमी करता येतात का, हेही नौदलाने तिथेच सांगावे.