तैनाती फौजेचा धडा

आपल्या परराष्ट्रनीतीविषयीं सुशिक्षित मंडळींत अलीकडे एक मत मोठ्या हिरीरीनें मांडलें जातें. अलिप्ततेचा काळ संपला, चीन दाराशीं उभा आहे. तेव्हां एखाद्या बलाढ्य राष्ट्राच्या लष्करी गोटांत सरळ सामील व्हावें, दोन दगडांवर पाय ठेवण्यांत पुरुषार्थ नाहीं, असें हे गृहस्थ म्हणतात. त्यांच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. परंतु बलिष्ठाची फौज पाठीशीं असली म्हणजे निर्भयता आली, हें जें प्रमेय ते गृहीत धरतात, त्याची परीक्षा आमच्या कृष्णाकांठीं दोनशें वर्षांपूर्वींच होऊन चुकली आहे.

ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांकडून पराभव होतांच दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला, आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यानें वसईस इंग्रजांशीं तह केला. सहा पलटणींची कायम फौज मिळाली. तिच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख गेला. पण खरें मोल याहून निराळें होतें. इंग्रजांचा विचार घेतल्यावांचून दुसऱ्या सत्तेशीं बोलणें करावयाचें नाहीं, आणि निजाम व गायकवाड यांच्यावरील मागण्यांविषयीं इंग्रजांचा निवाडा मानावयाचा, हेंही त्यानें लिहून दिलें. गेलेला मुलूख पुन्हां जिंकतां येतो. बोलण्याचा अधिकार गेला म्हणजे राज्याचें केवळ नांव उरतें. १८१८ सालीं तेंही उरलें नाहीं.

बाजीराव नादान होता म्हणून असें झालें, हें उत्तर ठरलेलें आहे. मग साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज घ्या. रस्ते, पाणी आणि विद्या यांकडे जातीनें लक्ष देणारा हा दक्ष राजा. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें कंपनीनें त्यांना व त्यांच्या वारसांना राज्य निरंतरचें दिलें. मात्र परराज्यांशीं आणि बाहेरच्या सरदारांशीं व्यवहार ठेवण्याची मनाई केली. हेंच कलम पुढें फांस ठरलें. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा व इतर आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्यें महाराजांना पदच्युत करण्यांत आलें आणि काशीस पाठविण्यांत आलें. तहभंगाची कबुली लिहून द्या, गादी राहील, असें गव्हर्नर कारनॅक यांनीं सुचविलें होतें. महाराजांनीं तें नाकारलें. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच होता. रंगो बापूजी लंडनला गेले व १८५३ पर्यंत तेथें झगडले. पण ज्यांनीं तहभंग ठरविला त्यांच्याच दारीं दाद मागणें त्यांच्या नशिबीं आलें. पुढें १८४८ मध्यें शहाजी महाराज वारले. त्यांनीं घेतलेला दत्तक 'वारस' या शब्दांत बसत नाहीं, असा अर्थ डलहौसी यांनीं लावला. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचा विरोध व्यर्थ गेला. एका शब्दाचा अर्थ लावण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातीं होता, तेवढ्यानें राज्य गेलें.

सांगलीची कथा थोडी वेगळी आहे. १८१९ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनाही इंग्रजांचें स्वामित्व मानावें लागलें. पण फौजेनिशीं त्यांची चाकरी करण्याचें त्यांनीं साफ नाकारलें, आणि त्याऐवजीं १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. हिशेबी माणसाला हा वेडेपणा वाटेल. मला त्यांत शहाणपण दिसतें. जमीन गेली ती मोजून गेली. आपलीं माणसें कोणाच्या लढाईंत मरावयाचीं, हा प्रश्न मात्र त्यांनीं दुसऱ्याच्या स्वाधीन केला नाहीं.

कोणी म्हणेल, कंपनी धनी होती. आजचीं राष्ट्रें समान आहेत. कागदावर आहेत खरीं. पाकिस्तान १९५४ मध्यें आग्नेय आशियाच्या लष्करी करारांत आणि पुढच्या वर्षीं बगदाद करारांत शिरलें. परंतु आग्नेय आशिया करारावर सही करतांनाच अमेरिकेनें आपलें बंधन साम्यवादी आक्रमणापुरतें असल्याचें नमूद करून ठेवलें होतें. १९६५ च्या युद्धांत तिनें दोन्ही बाजूंचा शस्त्रपुरवठा थांबविला, आणि जो सर्वस्वी त्याच शस्त्रांवर विसंबला होता त्याला झळ अधिक लागली. येथेंही अर्थ लावणारा बलिष्ठच होता.

तह करूंच नयेत, असें माझें म्हणणें नाहीं. ९ ऑगस्ट १९७१ रोजीं आपण सोव्हिएत संघाशीं तह केला. त्याला वीस वर्षांची मुदत होती, भारताच्या अलिप्ततेचा आदर त्यांत स्पष्ट लिहिलेला होता, आणि हल्ला झाल्यास परस्परांशीं विचारविनिमय करावयाचा एवढेंच बंधन होतें. त्याच डिसेंबरांत आपलें युद्ध आपल्याच सैन्यानें व आपल्याच निर्णयानें लढलें गेलें. २०१६ मध्यें अमेरिकेशीं झालेल्या करारानें परस्परांच्या तळांवर इंधन व दुरुस्तीची सोय झाली; तींत कोणाच्या युद्धांत उतरण्याची अट नाहीं. असे करार अवश्य करावे.

क्वाडचें रूपांतर लष्करी संघांत व्हावें अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनीं मात्र आधीं तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. कलमाचा अर्थ कोण लावणार? तिसऱ्याशीं बोलण्यास कोणाची परवानगी लागणार? आणि बाहेर पडावयाचें झाल्यास किंमत काय? हीं उत्तरें लेखी मिळेपर्यंत रशियाचीं शस्त्रें घेणाऱ्या आणि अमेरिकेबरोबर कवायती करणाऱ्या देशाला भ्याड म्हणून हिणवूं नये. ज्याच्याशीं पाहिजे त्याच्याशीं बोलण्याचा जो अधिकार साताऱ्याच्या छत्रपतींना उरला नव्हता, तोच हा देश वापरीत आहे.