कबुतराच्या पायातलं कडं

मागच्या महिन्यात आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत हळूच म्हणाला, "सर, आमच्या गच्चीवर कबूतर बसलंय. पायात कडं आहे, त्यावर इंग्रजी अक्षरं. अम्मी म्हणते, कडं कापून उडवून दे, नाहीतर पोलीस येतील."

अम्मीला हसता येईना. मे २०२३ मध्ये मुंबईत बंदराजवळ असंच एक कबूतर सापडलं होतं. पायांत दोन कडी आणि चिनीसारखी अक्षरं. हेरगिरीचा संशय आला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयात ते आठ महिने अडकून राहिलं. निघालं तैवानचं शर्यतीचं कबूतर! जानेवारी २०२४ अखेर सुटलं.

म्हणून कडं कापायचं? उलट तेच तर त्याचं ओळखपत्र. शर्यतीच्या कबुतराचं पिल्लू आठवडाभराचं असतानाच त्याच्या पायात बिनजोडाचं कडं सरकवतात. पंजा वाढला की ते निघत नाही. त्यावर देशाची किंवा क्लबची अक्षरं, जन्माचं वर्ष आणि क्रमांक असतो. युरोपातले अमीर-उमराव शिकारी बाजाच्या पायातल्या चामडी वादीला स्वतःचं नाव कोरलेली चांदीची कडी लावत, तीही हरवलेला बाज परत मिळावा म्हणूनच. (आपल्याकडे शिक्रा किंवा ससाणा पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ती हौस नकोच.) रानपक्ष्याच्या कड्यावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा, असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं तर क्रमांक टिपून कळवावा. पक्षी जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

सापडलेल्या वस्तूबद्दल कुणी विचारलं तेव्हा पैगंबरांनी (स.) तिची थैली आणि बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवायला आणि वर्षभर पुकारा करायला सांगितलं. खूण टिकली तरच धनी सापडणार. मला तर ही दोरी म्हणजे कडंच वाटतं.

मुलाला म्हटलं, "कड्याचा फोटो काढ, अक्षरं उतरव. पाणी ठेव, ज्वारी टाक. थकलेलं असेल, आराम झाला की जाईल."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. अम्मी दारातच म्हणाल्या, "सर, तुम्ही बघितलंय ना? मग राहू दे." आम्ही शहरातल्या दोन कबूतरवाल्यांना फोटो पाठवला. त्यांचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने गच्चीवर दोन घिरट्या घातल्या आणि गेलं. क्रमांक अजून त्या मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आहे.