कार्यक्रम किती वाजता संपणार?

किंग्ज सर्कल हे हार्बर मार्गावरचे तसे आडबाजूचे स्थानक. वडाळ्याहून माहीमकडे वळणाऱ्या फाट्यावरचे, दोन फलाटांचे. बाहेर आंबेडकर रस्त्यावर तो बुटका रेल्वेपूल, ज्याखाली उंच ट्रक अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पलीकडे गांधी मार्केट, जिथे पाणी तुंबल्याची बातमी प्रत्येक पावसाळ्यात येते. एरवी या स्थानकाची कुणी फारशी दखल घेत नाही. पण इथून चालत दहा मिनिटांच्या आत षण्मुखानंद सभागृह आहे आणि तेवढ्यासाठी गोरेगावपासून पनवेलपर्यंतचे गाण्याचे शौकीन हे स्थानक ओळखतात.

दाक्षिणात्य संगीतप्रेमींनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या सभेने १९६३ मध्ये हे सभागृह उभारले. १९९० मध्ये ते आगीत सापडले आणि जिद्दीने पुन्हा बांधले गेले. आज तिथे २,७६३ आसने आहेत. कर्नाटक संगीतासाठी बांधलेली ही वास्तू बघता बघता साऱ्या मुंबईची झाली. उस्ताद अल्लारखाँ यांच्या स्मृतिदिनी, ३ फेब्रुवारीला, झाकिर हुसेन यांनी इथे वर्षानुवर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत मैफली घडवल्या. त्या पहाटे अंधारात लोकल पकडून आलेले श्रोते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे शहर गाण्यासाठी काय काय करते हे वेगळे सांगायला नको.

अशा श्रोत्यांना आपण वागवतो कसे, हा खरा प्रश्न आहे.

सहाच्या मैफलीत साडेनऊच्या सुमारास मागच्या रांगांमधून हालचाल सुरू होते. कुणी मोबाइलचा उजेड तळहाताने झाकून एम-इंडिकेटरवर गाडी बघतो. कुणी पिशवी काखेत घेऊन, वाकून, शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना चुकवत वाट काढतो. दाराशी गेल्यावर मात्र पाय निघत नाही. गायकाने नुकताच दरबारी लावलेला असतो. दोन आवर्तने उभ्याउभ्या ऐकायची आणि मग जिने उतरायचे. ही माणसे कंटाळून उठलेली नसतात. त्यांना डोंबिवलीला, नेरुळला, नालासोपाऱ्याला जायचे असते. पनवेलकडे जायचे तर बहुतेक वेळा वडाळ्याला गाडी बदलावी लागते आणि एक गाडी चुकली की पुढचे सगळे गणित कोसळते. एकट्याने आलेल्या बाईला तर वेळेचा हिशेब आणखी आधीपासून करावा लागतो. ज्यांच्या दाराशी मोटार उभी असते ते भैरवी ऐकून उठतात. ज्यांना लोकल गाठायची असते त्यांच्या वाट्याला भैरवी येत नाही. दोघांनीही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात.

यात दोष कुणाचा? आवाजाच्या नियमाचा नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे ती उघड्या मैदानांत; बंदिस्त सभागृहांना २००० सालच्या त्या नियमांतच सूट आहे. दोष गायकाचाही नाही. बडा ख्याल घड्याळ पाहून गायचा नसतो. माझे बोट आधी आयोजकांकडे आहे. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, मग प्रायोजकांचे स्वागत, शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे, प्रमुख पाहुण्यांचे ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ आणि सरतेशेवटी आभार. यात तास सहज जातो. तो तास शेवटी कुणाच्या हिश्शातून कापला जातो? डोंबिवलीच्या श्रोत्याच्या. सत्कार त्याने पूर्ण पाहिलेला असतो आणि गाणे अर्धवट सोडलेले असते. याला मी श्रोत्याची फसवणूकच म्हणेन.

रेल्वेचाही यात वाटा आहे. मैफली होतात रविवारी आणि मेगाब्लॉकही असतो रविवारीच. हार्बरवर ब्लॉक घेतला की अनेकदा नेमका सीएसएमटी ते वांद्रे-गोरेगाव हाच पट्टा बंद राहतो आणि किंग्ज सर्कल त्यातच येते. ब्लॉक दुपारी चार-साडेचारला संपला तरी गाड्या रुळावर येईपर्यंत संध्याकाळ होते. रुळांची, सिग्नलची दुरुस्ती झालीच पाहिजे, तीत कुचराई नको. पण त्याचे वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी हाती पडते आणि सभागृह महिनोन्‌महिने आधी ठरलेले असते. हे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करणे अशक्य आहे का? गणेश विसर्जनाच्या रात्री आणि एकतीस डिसेंबरला रेल्वे जादा लोकल सोडते, मॅरेथॉनच्या पहाटेही सोडते, आणि ते योग्यच आहे. गाण्यासाठी जादा गाडी मागण्याचीही गरज नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये जितकी माणसे असतात, तितकी भरगच्च षण्मुखानंदमध्येही मावत नाहीत. असलेल्या गाड्या असलेल्या वेळी सुटल्या आणि रद्द झालेली गाडी वेळेत कळली, तरी पुष्कळ झाले.

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत मुंबईतल्या काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव मंजूर झाला. त्यात किंग्ज सर्कलला तीर्थंकर पार्श्वनाथ यांचे नाव देण्याचा प्रस्तावही होता. नावाबद्दल ज्याची त्याची भावना असते, तिचा मान राखावा. पण या स्थानकावर रविवारी रात्री साडेदहाला उभ्या असलेल्या माणसाच्या सोयीबद्दल त्याच सभागृहात कधी मिनिटभर तरी बोलले जावे, ही अपेक्षाही रास्त आहे.

रेल्वेकडून उत्तर येईल तेव्हा येईल. आयोजकांच्या हातात मात्र आजही पुष्कळ आहे. कार्यक्रम जाहीर केलेल्या मिनिटाला सुरू करा. सत्कार करायचेच असतील तर मैफल संपल्यावर करा. ज्यांना पाहायचे ते थांबतील. मध्यंतरात व्यासपीठावरून सीएसएमटी, गोरेगाव आणि पनवेलकडच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा सांगा. आणि तिकिटावर, आसन क्रमांकाच्या शेजारी, कार्यक्रम संपण्याची वेळ छापा व ती पाळा.